पाण्यात उतरलेला भालाईत

रेवदंड्याला ओटीवर बसून साक्षीने मोबाइलवरच्या जपानी लढाईच्या खेळात एका भालाइताला मोठ्याने म्हणत बापाचं, सुजितचं नाव दिलं, आणि बोंबील निवडणाऱ्या तिच्या आजीचा, मनुबाईचा हात थांबला.

“माझा ल्योक दर्यावर हाय. बोट लागेपर्यंत नाव घ्यायचं न्हाय, पोरी. नाव घेतलं म्हंजी मागून हाक मारली.”

“आजी, सोंगटी हाय ती! मी हलवल्याशिवाय हलत न्हाय. फक्त मेली की परत येत न्हाय.”

“पूस ते नाव.”

नाव पुसलं जाईना. भालाईत आपणहून एक घर सरकला, मग आणखी एक. पुढे निळं पाणी होतं.

“या खेळात पाण्यात कुणालाच जाता येत न्हाय,” साक्षी पुटपुटली.

तो गळ्यापर्यंत उतरला, थांबला आणि वळला. खेळातले सगळे जपानीच बोलत. हा सुजितच्या आवाजात म्हणाला, “आये, हाक कुणी मारली?”