कंगवा जेलीचे रंग

फदीलाने वळून पाहिलं, तर मागे मुनीब नव्हता.

वारा फिरला होता आणि फॉल्स बे उपसागराच्या तळाचा गाळ उठून केल्पच्या, त्या उंच समुद्री शेवाळाच्या, जंगलात पसरला होता. ती वर आली. नावेत इसाककाका एकटाच. त्याने नकारार्थी मान हलवली. तू तरी खाली जाऊ नकोस, तुझ्या आईला मी काय सांगू, असं तो म्हणत होता. फदीलाने हवेचा काटा पाहिला आणि बुडी मारली. मुनीबच्या टाकीत याहून कमी हवा उरली असणार.

मुनीब तिचा थोरला भाऊ, तिचा बुटा. ती कंगवा जेली मोजायला उतरायची, तो निव्वळ सोबतीला. ते काचेसारखे जीव त्याला कधी दिसतच नसत. माझी बहीण पाण्यातलं पाणी ओळखते, असं तो धक्क्यावर सगळ्यांना सांगायचा.

तळाशी तिने आपला टॉर्च छातीशी दाबून धरला. मिट्ट अंधारात त्याचा टॉर्च तरी दिसेल म्हणून. दिसला नाही. थंडीने तिचा जबडा दुखत होता.

मग डावीकडे, खडकाच्या कडेवर, वितीएवढी कंगवा जेली तरंगत आली. मागे लोंबणाऱ्या तंतूंच्या दोऱ्या नाहीत, अंग थैलीसारखं. बेरोई, हे जातीचं नाव सवयीने मनात आलं. तिच्या अंगावरच्या ओळींतून तांबडा, हिरवा, जांभळा रंग धावत होता.

फदीला थबकली. या जिवाचा स्वतःचा उजेड निळसर असतो. हे रंग बाहेरून प्रकाश पडल्याशिवाय उमटत नाहीत.

ती कडेपलीकडे गेली. खाली फटीत मुनीब अडकला होता, टाकीभोवती केल्पचे वेढे पडलेले. त्याची हवा संपत आली होती. तिने आपली दुसरी नळी त्याच्या तोंडात दिली आणि सुरी काढली.

नावेत बराच वेळ त्याचे दात वाजत राहिले. इसाककाकाने त्याला ब्लँकेटात गुंडाळलं, आणि शहाण्या, टॉर्च सरळ वर धरायचा ना, म्हणून झापलं. धरला होता, मुनीब म्हणाला. पण कुणीच येईना.

"मग बुटा, त्या जेलीवर कशाला धरलास?" फदीलाने विचारलं.

मुनीबने ब्लँकेट अंगाभोवती ओढून घेतलं.

"म्हटलं, आपली फदीला खाली काय बघते, ते जाण्याआधी एकदा बघून घ्यावं."