शेवटचं बेणं

ताईला भावाच्या स्वयंपाकघरात बूड टेकवत नव्हतं. दाराशी ठेवलेल्या बादलीकडे ती तिसऱ्यांदा जाऊन आली. बादलीत खारं पाणी आणि पाण्यात शेवाळाचे तुकडे, तिचं शेवटचं बेणं. समुद्रात दोर ताणून ती शेवाळ लावायची; मासे आत शिरू नयेत म्हणून भोवती जाळीचं कुंपण. गेल्या आठ दिवसांत सगळे दोर बोडके झाले होते. आता हे तुकडे आजच्या ओहोटीला बांधायचे, की शेवाळाचा नाद कायमचा सोडायचा, एवढंच ठरायचं होतं.

"कुंपणाची जाळी नीट बघितलीस ना रे?"

"अगं बाई, किती वेळा सांगू! रोज बुडी मारून बघतोय." भाऊ जेवणाची वाट बघत होता. "चारही बाजूंनी शाबूत आहे. आत औषधालासुद्धा मासा नाही. लाटांनी तुटलं ते. बांध बिनधास्त."

ताईला बुडी मारता येत नव्हती. पाण्याखालचं भाऊ सांगेल तेवढंच तिला कळायचं. तरी चैन पडेना. लाटा काय यंदाच आल्या? आणि लाटा काय देठासकट खातात?

"बसा हो ताई. पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" भावजय हसली. ती खुशीत होती. कित्येक महिने नवऱ्याचं जाळं रिकामं यायचं, आणि या आठवड्यात रोज पाटी भरून. आजचे मासे तर चांगलेच जाडजूड होते, रुपेरी, पुढचे दात थेट माणसासारखे. सगळे त्यांना दाताळे म्हणत. "लांबच्या खडकापाशी मिळतात म्हणे. जेवूनच जा आता."

"आण इकडे, मी करते साफ. हा शेवाळ खाणारा मासा. पोट लगेच काढलं नाही तर मांसाला वास लागतो."

ताईच्या हाताला काहीतरी काम हवंच होतं. तिनं सुरी घेतली, पोट फाडलं. आत हिरवा लगदा, गच्च भरलेला. तो ओढून काढताना बोटाला काहीतरी अडकलं. निळा दोरा. वीतभरही नसेल. दोऱ्याला अजून गाठ होती आणि गाठीत शेवाळाचा देठ. बेणं दोराला बांधताना अशी दुहेरी गाठ मारायची ती एकटीच.

तिनं दुसरा मासा फाडला. मग तिसरा. त्यातही दोरा निघाला.

भावजय आधी दोऱ्यांकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. ताईला इतका राग आला, की शब्दाआधी रडूच फुटलं.

"कुंपणाचा एकच कोपरा उचलला होता गं," भाऊ म्हणाला. त्यानं हातानं दाखवलं, एवढासाच. "म्हटलं, चार आत जातील आणि बाहेर येताना माझ्या जाळ्यात सापडतील. इतके घुसतील असं वाटलं नव्हतं."

"मला लाटा सांगितल्यास तू."

"चुकलं माझं. आत्ता जातो, कोपरा घट्ट बांधतो. तू ये मागून बेणं घेऊन. परत नाही करणार. आईची शपथ."

"आईची काय घेतोस? आई गेली तेव्हा तू रांगत होतास. माझी घे."



ताईनं हात धुतले, डोळे पुसले आणि बादली उचलली. "बेणं कुठं लावायचं ते माझं मी बघेन," ती म्हणाली.

"ताई, हे मासे... टाकून देऊ का?" भावजयीनं हळूच विचारलं.

"टाकतेस कशाला? तळून वाढ त्याला. चांगला पोसलेला आहे," ताई उंबरा ओलांडताना म्हणाली. "मीच पोसलाय."