चोवीस तीनशे साठ

२४.३४५

वजनकाट्यावरचा किलोंचा आकडा उतरत होता. अनंत परबाने व्हॉल्व्हची चावी पुन्हा पिळली. चावी फिरली, गॅस थांबला नाही. सिलिंडरच्या तोंडातून इतका बारीक फुसकारा येत होता, की गोदामातल्या पंख्याखाली तो कुणाला ऐकूही येऊ नये.

२४.३३०

चूक त्याचीच. पस्तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करताना कुठलाही सिलिंडर हातातून सोडण्याआधी तो तोंडावरचा नट काढायचा, चावी किंचित उघडायचा आणि गॅस मनगटावर घ्यायचा. गार लागला की माल आहे. आज काट्यावर ठेवलेल्या सिलिंडरचंही हाताने तेच केलं, डोक्याला न विचारता. आता चावी बसत नव्हती. तोंडाचे आटे झिजलेले, त्यामुळे नटही धरेना.

"कित्याक उघडलंस मेल्या?" सोबत आलेला दादू दातांतल्या दातांत म्हणाला. दादूचं दुकान अनंतच्या दुकानाला लागूनच होतं.

"सवय रे."

"बायकोचो हात धरूची सवय नाय लागली कधी. ही बरी लागली."

२४.३०५

कांजूरमार्गच्या त्या गोदामात असे चाळीस सिलिंडर ओळीने उभे होते. जुन्या फ्रिजांमधला, बंदी आलेला गॅस. कंपनी तो भट्टीत जाळणार आणि तेवढं प्रदूषण टळलं म्हणून तिला कार्बनची प्रमाणपत्रं मिळणार. एक किलो जळाला की जवळजवळ अकरा टन धुराची भरपाई. नियम सोपा होता. दुकानातून निघताना चिठ्ठीवर लिहिलेलं वजन आणि इथलं वजन यांत शंभर ग्रॅमचा फरक चालेल. त्याहून जास्त पडला की सिलिंडर बाद, आणि तो आणणारी गल्लीही यादीतून बाद.

अनंतच्या चिठ्ठीवर होतं २४.३६०.

असल्फ्याच्या गल्लीतल्या सहा मेकॅनिकांना त्यानेच गळ घातली होती. हवेत सोडू नका, माझ्याकडे आणा. आधी सगळे हसले. मग फ्रिजमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम करत आठ महिन्यांत हा सिलिंडर भरला. आज तो बाद झाला, तर उद्या सकाळी ते पुन्हा नळी कापून मोकळे होणार. त्यांना थांबवायला अनंतकडे दुसरं काही नव्हतं.

त्याने तोंडावर अंगठा दाबला.

२४.९१०

फुसकारा थांबला. आकडा मात्र उडी मारून वर गेला. हाताचा भार काट्यावर पडत होता.

दादू काट्यावर वाकला. वाकूनच राहिला.

"हात हलको धर," तो हळूच म्हणाला. "अजून. तीनशे साठार आण."

अनंतने श्वास रोखला. खांदा वर घेतला, कोपर सैल सोडलं. सहाशे. चारशे दहा. तीनशे साठ.

"आता हलू नको. मी टेंपोतून दुसरो नट आणतंय."

२४.३६०

अंगठा बधिर होत चालला होता. गॅसला ना वास ना रंग, तो थोडा थोडा निसटत असला तर फक्त गारव्याने कळणार, आणि गारवा कळायला अंगठ्याला जाण असायला हवी.

कंपनीची अस्मिता ओळीतला आदला सिलिंडर आटपून आली. हातात फोन, काखेत वही.

"चला काका, तुमचा नंबर. हात काढा, फोटोत हात चालत नाही."

"एक मिनिट, मॅडम."

"ट्रक उभा आहे ना, काका."

त्याने हात काढला.

२४.२९०

फोटो निघाला. तिने चिठ्ठी पाहिली. "सत्तर ग्रॅम कमी. चालेल, घाबरू नका. अजून दोन फोटो, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने. वजन हलत नाही हे दाखवावं लागतं." तिने फोनवर अर्ध्या मिनिटाचा गजर लावला आणि तो टेबलावर ठेवून वही उघडली.

२४.२८५

२४.२८०

पस्तीस वर्षं हाच गॅस त्याने गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून बाहेर सोडला होता, एका हातात चहाचा कप घेऊन. तेव्हा तो जाताना दिसत नव्हता.

२४.२७५

त्याचा अंगठा पुन्हा तोंडावर गेला.

"काका, हात."

"गळतोय, मॅडम."

अस्मिताने आकड्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. "मगाशी लांबून मला तीनशे साठ दिसलं होतं."

"ते माझ्या हाताचं होतं."

नट घेऊन आलेला दादू तिथेच थबकला.

"सिलिंडर बाद करा," अनंत म्हणाला. "पण आधी इथे अंगठा ठेवा. आट्यांवर टेप गुंडाळून नट बसवायचाय, मला दोन्ही हात लागतील. दादू, तू खालून धर, फिरतोय तो."

अस्मिताने वही खाली ठेवून बाही वर सारली.

२५.१८०

"किती दाबू?"

"जाणार नाही एवढं."

दादूने गुडघे टेकून सिलिंडरला दोन्ही हातांनी मिठी घातली. अनंतला टेपचं टोक सापडेना. नखाने उकरून पाहिलं, अंगठ्याला काही कळतच नव्हतं.

"गार आहे," अस्मिता म्हणाली.

"असतो."

टेबलावर फोन दुसऱ्या फोटोसाठी वाजू लागला. वाजत राहिला. कुणाचाच हात मोकळा नव्हता.