ऑडिटच्या दिवशीची सहल

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आठ कामगार बसले होते आणि आठ जणांना मिळून हाताची बोटं होती एकोणसत्तर. बाकीची अकरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसखाली गेली होती. आज त्या कारखान्यात ऑडिट होतं. म्हणून हे आठ जण भरपगारी सहलीला दौलताबादला निघाले होते.

असं दर वर्षी होई. माल घेणारी परदेशी गाडीकंपनी मोठी हळव्या मनाची. आपल्या गाडीचं बिजागर करताना कुणाच्या मानवी हक्कांना धक्का लागू नये, असं तिचं चोवीस पानी धोरण होतं. ते गेटवर काचेत लावलेलं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमच्या साखळीतला प्रत्येक हात मोलाचा.’ धोरण पाळलं जातं का, ते पाहायला वर्षातून एकदा माणूस येई. तो येणार हे महिनाभर आधी कळवलं जाई, आणि एचआरचे राजकुमार सर कमी बोटांच्या माणसांची यादी काढत. इतकं काटेकोर काम ते एरवी कशातच करत नसत.

क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा कडुबानं लेकीला फोन लावला. त्याची दोन बोटं गेल्यावर कारखान्यानं त्याला पॅकिंगला टाकलं होतं, आणि भरपाई म्हणून अपेक्षाला ट्रेनी घेतलं होतं. तिला बसवलं मात्र त्याच प्रेसवर. वर पेढेही वाटले होते.

“सेन्सर बसवला का गं?”

“व्हय अण्णा, सकाळीच. हात आत गेला की मशीन आपोआप थांबती. लई बरं वाटतंय आज.”

“ऑडिटच्या मॅडमनी विचारलं तर?”

“सेन्सर कायम असतो म्हणायचं. ध्यानात हाय.”

हे उत्तर कडुबानंच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. ऑडिट नीट पार पडलं की तिला पर्मनंट करणार होते. सेन्सरचं म्हणाल तर गल्लीतल्या चार कारखान्यांत मिळून तो एकच होता. लग्नातल्या पातेल्यांसारखा ज्याच्या घरी ऑडिट त्याच्याकडे जायचा. प्रेस सारखी थांबली की माल कमी निघतो, म्हणून उरलेले दिवस कुणालाच तो नको असे.

दुपारी किल्ल्याखाली सगळे पेरू खात बसले असताना एक पांढरी गाडी येऊन थांबली. आतून मालक इंद्रजीतसेठ उतरले आणि त्यांच्यामागून ऑडिटच्या विशाखा मॅडम. ऑडिट लवकर आटोपलं, तेव्हा पाहुणीला किल्ला दाखवावा असं सेठच्या मनात आलं होतं. कामगारांना कुठं लपवलंय, हे राजकुमार सरांना विचारायचं मात्र राहून गेलं होतं. आठ जणांना पाहून सेठच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस कसलेला.

“आमचेच कामगार, मॅडम. दर वर्षी सहल काढतो आम्ही.”

“वा,” मॅडम म्हणाल्या. “एक फोटो घेऊ या तुमचा.”

सगळे ओळीत उभे राहिले, हात पाठीमागं घेऊन. सवयच होती ती. कडुबाच्या डोळ्यांसमोर प्रेसवर वाकलेली अपेक्षा आली. आज तिला बरं वाटत होतं, उद्या सेन्सर शेजारी जाणार होता. नोकरी पर्मनंट होऊन बोटं थोडीच पर्मनंट होणार होती? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“हात वर करा रे,” तो हळूच म्हणाला.

“कायकू पंगा लेता कडुबा,” शेजारचा गयास पुटपुटला. “नोकरी जाती.”

पण कडुबाचा हात वर गेला. मग गयासचा गेला. मग सगळ्यांचे गेले. मॅडमनी मोबाइलमध्ये पाहिलं, मोबाइल खाली घेतला, आणि पुन्हा पाहिलं.

“मॅडम,” कडुबा म्हणाला, “आज जो सेन्सर दिसला तुम्हाला, तो उद्या नसतो. तिथं माझी लेक बसती.”

सेठ किल्ल्याकडे बघत उभे होते. मॅडमनी फोटो काढला. “मी नोंद घेते,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर ओला झाला होता.

मुकुंदवाडीच्या घरी येऊन कडुबानं अपेक्षाला सांगितलं, “आता तो सेन्सर हालत नाय बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सर हलला. नोंद वर गेली असेल, वरून हुकूम यायला वेळ लागतो, अशी कडुबानं मनाची समजूत घातली. त्याला कुणी कामावरून काढलं नाही, कुणी रागावलंही नाही. याचा अर्थ त्याला तेव्हा कळला नाही.

दीड महिन्यानं गेटवर गर्दी दिसली. धोरणाच्या शेजारी नवी काच लागली होती. कारखान्याला अव्वल दर्जा मिळाला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘कामगारांसाठी वार्षिक सहल : इतर पुरवठादारांनी अनुकरण करावं असा उपक्रम.’ सोबत दौलताबादचा फोटो. आतून अपेक्षाच्या प्रेसचा दणदण आवाज येत होता, मधे एकदाही न थांबता. कडुबा काचेजवळ गेला. फोटो वरून कापला होता, अगदी डोक्यांना लागून. त्यात आठ माणसं होती, आणि आठ जणांना मिळून एकही बोट नव्हतं.