महागलेलं ऑइल

टिटवाळ्यात इंजिन ऑइलचा भाव पुन्हा चढला, तसे महिपतराव भडकले. बायकोला गाडीत घालून त्यांनी थेट ठाण्यात वागळे इस्टेटचं स्वस्त दुकान गाठलं. मागे कूलंट महागलं तेव्हाही हेच झालेलं आणि त्याआधी ब्रेक ऑइलच्या वेळीही.

संध्याकाळी घरी येताच ऑइलचा डबा ऐटीत टेबलावर ठेवून ते हातपाय धुवायला गेले. लेक संचिता आईच्या कानाशी लागली, "अगं, वाचले दीडशे आणि पेट्रोल जाळलं पाचशेचं! बाबांना कुणीतरी सांगा ना."

मालनताईंनी आरशात बघून नवा गजरा सारखा केला.

 

"खबरदार सांगशील तर! इथे सगळं स्वस्त मिळायचं, तेव्हा या माणसाने मला कधी गाडीतून फिरवलंय का?"