बाहेरचा माणूस

बावीस नंबरचा पाना, मुठीला चिंधी गुंडाळलेला.

पंपघराच्या भिंतीवर खडूच्या अकरा रेघा.

दारावरची बेल. भावजय ओल्या हातांनी आतून धावत येते. "भावजी, दारापाशीच बसलाय की हो तुम्ही."

टाकीच्या पत्र्यावर टेकवलेला डावा तळहात.

आणि फळ्यावर, सुरक्षा अधिकारी मॅडमच्या ठसठशीत अक्षरात: नियम पहिला. आत एक, बाहेर एक.

"पुढे सांगा," मॅडम म्हणाल्या.

वैद्यबुवांनी सांगायला घेतलं. ते काही नावाचे वैद्य नव्हेत. टाकी साफ करायला माणूस आत उतरला की हे तोंडाशी पत्र्यावर हात ठेवून बसायचे. टाकीची नाडी बघतात, असं कारखाना म्हणू लागला आणि नाव चिकटलं. सव्वीस वर्षं झाली.

आतला माणूस गाळ खरवडतो. बाहेरचा दर दहा मिनिटांनी पान्यानं दोन टोले देतो. आतून दोन टोले आले की सगळं ठीक. मध्येच, न विचारता, आतून टोले आले तर मात्र विचार करत बसायचं नाही. दोर ओढायचा.

आजवर हे सगळं तोंडी चालत आलं होतं. धाकटा गेला आणि ते कागदावर आणायचं ठरलं.

धाकटा म्हणजे वैद्यबुवांचा पाठचा भाऊ. गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी मीटरवर हवा स्वच्छ होती. गाळ ढवळला तसा त्यातून वायू सुटला. वैद्यबुवांनी वेळेवर दोन टोले दिले. उत्तर नाही. त्यांनी हाका मारल्या, दोर ओढला. उशीर झाला होता. चौकशीत त्यांनी सांगितलं, "आतून काही आलं नाही." तसं लिहिलं गेलं, खाली सही झाली. त्यांच्यावर ठपका आला नाही. भावजयसुद्धा म्हणाली, "बाहेर तुम्ही होतात भावजी, एवढंच समाधान."

त्या वाक्यानंतर ते तिच्या हातचं मान खाली घालून जेवत होते.

"आता सोमवारची नावं," मॅडम म्हणाल्या. "मोठी टाकी. आत कोण?"

"मी," दाराला टेकून उभा असलेला वैद्यबुवांचा जावई म्हणाला. "आत मी, बाहेर मामा. घरचाच कारभार. माझी नाडी तर त्यांनी लग्नाआधीच तपासून घेतलीय."

मॅडम हसल्या आणि फळ्याकडे वळल्या. खडू चालू लागला. नियम चौथा. मग शब्दाच्या मध्येच तो थांबला. काही क्षण त्यांची पाठ तशीच राहिली. मग त्यांनी वळून वैद्यबुवांकडे पाहिलं.

काहीतरी विचारलं गेलं होतं.

वैद्यबुवांना ओठ वाचता येत. पाठीला ओठ नसतात.

जावई सावरून घ्यायला पुढे झाला. "मामा विचारात पडलेत. मामा, मॅडम म्हणतायत, दहा मिनिटं जास्त होत नाहीत का?"

त्याचे ओठ स्पष्ट होते. उत्तर देता आलं असतं. दोन वर्षं असंच निभावलं होतं: मान डोलवायची, हसायचं, "बघू" म्हणायचं. तरुणपणी घणांच्या खात्यात काढलेल्या वर्षांनी कान हळूहळू खाल्ले होते. पण कान गेले म्हटलं की स्टोअरच्या कोपऱ्यात बसून खिळे निवडायचे. वैद्यबुवा ही हाक तिथेच संपली. आणि आपण टोला दिल्यावर येणारं उत्तर तळहाताला लख्ख कळत होतं. अडत नव्हतं.

फक्त तळहात सारा वेळ पत्र्यावर राहत नाही. घाम पुसायला उचलावा लागतो. त्या दिवशी दोराचा गुंता झाला होता. तो सोडवायला दोन्ही हात लागले होते.

त्यांनी जावयाकडे पाहिलं. पोरगा अजून हसत होता.

वैद्यबुवा उठले. मॅडमच्या हातातून खडू घेतला. पहिल्या नियमातल्या 'बाहेर एक'च्या पुढे त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: ज्याला ऐकू येतं असा.

"सोमवारी मला बसवू नका," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

जावयाचं हसू ओठांवरच विझलं. मॅडम त्यांच्या अगदी समोर आल्या आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या,

"कधीपासून?"

"धाकट्याच्या आधीपासून."

त्यांनी चिंधीचा पाना टेबलावर ठेवला. मग त्यांनी कुणाच्याही ओठांकडे पाहिलं नाही.

पंपघर टाकीच्या खालच्या अंगाला आहे. ऐकलेला प्रत्येक टोला भिंतीवर खडूनं मांडायची पंपवाल्याला सवय आहे. चौकशीत त्याला कुणी बोलावलं नाही. त्या दिवशी दहा मिनिटं भरायच्या आत आतून अकरा टोले आले होते, आणि वर ऐकायला वैद्यबुवा बसलेत म्हणून तो जागचा हलला नव्हता.