कोणाच्या हातचं काम

गिऱ्हाईकानं नव्या टेबलाचा खण तीनदा उघडून मिटून पाहिला. "खिळा नाही, सरस नाही! कोणाच्या हातचं काम हो हे?"

"आमच्या थोरल्याचं," म्हातारा सुतार म्हणाला. दारात उभा असलेला थोरला नुसताच हसला.

खण केला होता धाकटीनं. ती कोपऱ्यात पटाशीला धार लावत बसली होती. तीन वर्षं ती हेच उत्तर ऐकत आली होती. आज ती उठली, तिनं खण ओढून काढला आणि लाकडी हातोडीच्या चार ठोक्यांत त्याच्या फळ्या सुट्या केल्या.

"घे दादा, जोड परत."

थोरल्यानं दोन फळ्या उलटसुलट लावून पाहिल्या आणि बापाकडे पाहिलं.

"जोड ना गं बाई," सुतार हलक्या आवाजात तिला म्हणाला. "चारचौघांत कशाला शोभा करतेस?"

"आधी खरं सांगा."

सुतारानं मान खाली घातली. "हिनं केलाय," तो गिऱ्हाईकाला म्हणाला. "माझ्या मुलीनं."

"मुलगी मी घरी आहे, बाबा," फळ्या हातात घेत ती म्हणाली. "इथं सुतार म्हणा."